पाठीवर पट घेतलेलं कासव

क्रोशाने विणलेले प्राणी हल्ली घरोघरी दिसतात. ससा, हत्ती, ऑक्टोपस. जपानी अमिगुरुमीची पद्धत आपल्याकडच्या विणणाऱ्या बायकांनी बघता बघता आपलीशी केली. या प्राण्यांचा लळा लागतो हे खरं. पण मूल पाच-सहा वर्षांचं झालं की त्याला हातात नुसता प्राणी पुरत नाही. त्याला नियम हवे असतात, डाव हवा असतो, समोर कुणीतरी हरायला आणि जिंकायला हवं असतं. म्हणून मग प्राण्याच्या पोटावर फुल्ली-गोळ्याच्या रेघा भरतात, नाहीतर जिराफाच्या मानेत रिंगा टाकायला लावतात. यातले बरेच प्रयोग फसतात, आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं: आधी प्राणी विणला जातो आणि खेळ त्याच्यावर नंतर चिकटवला जातो. कापूस ठासून भरलेल्या गोल पोटावर गोट्या टिकणार कशा? खेळ आधी आखायला हवा. त्याला काय काय लागतं ते ठरवायचं, आणि त्या गरजांत बसेल असा प्राणी शोधायचा.

चल्लस-आठ हा खेळ यासाठी फार सोयीचा आहे. कुठे त्याला अष्टचंगा म्हणतात, आणि नियम तर घरागणिक बदलतात. पट मात्र बहुतेक ठिकाणी तोच. पाच गुणिले पाच अशी २५ घरं, चारही बाजूंचं मधलं घर आणि पटाचा मध्य यांवर फुल्या, चार कवड्या, चार गडी, प्रत्येकाच्या चार सोंगट्या. आणि पट चौकोनी, सपाट, पाठीवर वागवता येण्याजोगा म्हटल्यावर प्राणी कासवच. महाराष्ट्रातल्या कितीतरी शिवमंदिरांत गाभाऱ्यासमोर फरशीत दगडी कासव असतं, आणि जुन्या देवळांच्या ओट्यांवर बसल्या बसल्या कुणीतरी कोरलेले पटही सापडतात. दोघांचा शेजार जुनाच आहे.

आता मापं. पटाचं एक घर ५ सेंटीमीटरचं धरावं. यापेक्षा लहान केलं तर लोकर वाचते, पण सोंगट्याही लहान कराव्या लागतात आणि तिथे धोका सुरू होतो. खेळण्यांच्या सुरक्षेसाठी लहान भाग तपासायचं जे नळकांडं वापरतात, त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. त्यात जे सहज मावतं ते तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतं. ५ सेंटीमीटरच्या घरात ३.८ सेंटीमीटरची सोंगटी ऐसपैस बसते आणि त्या नळकांड्यातही जात नाही. तरीही विणलेली वस्तू दाबली की आकसते, त्यामुळे घरात रांगतं भावंड असेल तर सोंगट्या त्याच्या हाती लागू देऊ नयेत.

लोकर मध्यम जाडीची, सुती किंवा सुताचं मिश्रण असलेली घ्यावी. गुंड्याच्या लेबलवर ४ मिलिमीटरची सुई सुचवलेली असेल तर आपण ३ मिलिमीटरची वापरायची. वीण घट्ट येते आणि आतलं भरण बाहेर डोकावत नाही. कवचासाठी हिरवी १५० ग्रॅम, डोकं-पायांसाठी फिकट रंगाची ५० ग्रॅम आणि सोंगट्यांच्या चार रंगांची प्रत्येकी २० ते २५ ग्रॅम. ही शेवटची लोकर बहुतेकींच्या पिशवीत उरलेली असतेच. हिरवी मात्र एकदमच आणि एकाच लॉटची आणावी. नंतर आणलेल्या गुंड्याची छटा जराशी वेगळी असली तरी पटासारख्या सपाट, मोठ्या तुकड्यावर ती पट्टा होऊन उठून दिसते. लाल सुती लोकर पाण्यात भिजवून पांढऱ्या कापडावर दाबून बघावी. रंग सोडत असेल तर ती या कामाला घेऊ नये.

सुरुवातीला मुक्या खांबांचा, म्हणजे क्रोशाच्या साध्या, आखूड टाक्याचा, २५ टाके आणि २५ ओळींचा नमुना विणून मोजायचा. १० सेंटीमीटरमध्ये २० टाके आणि साधारण २२ ओळी बसल्या तर पुढचे सगळे आकडे जसेच्या तसे चालतील. मुका खांब रुंदीपेक्षा उंचीला किंचित कमी भरतो. म्हणून १० टाके आणि १० ओळी विणून घर चौकोनी होत नाही, दबकं होतं. १० टाक्यांना ११ ओळी लागतात. हे ज्यांच्या लक्षात येत नाही त्यांचा पट आडवा पसरतो, आणि चूक कुठे झाली ते शोधत त्या रेघा उसवत बसतात.

पटाचा तुकडा असा: ५१ साखळ्या घालायच्या, सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब, ओळीअखेर ५० टाके. एक साखळी घालून उलटायचं आणि पुन्हा ५०. अशा ५५ ओळी. फेऱ्यांनी गोल विणण्याचा मोह इथे टाळावा, कारण गोल विणीत प्रत्येक टाका आधीच्या टाक्यापेक्षा जरा बाजूला सरकतो आणि उभी रेघ तिरकी चालते. उलटून-पालटून विणलेल्या ओळींत हा कल एकमेकांना काटतो. दर पाच ओळींनी टाके मोजावेत. ओळीचा शेवटचा टाका कडेला दडतो, तो सुटतो, ५० चे ४९ होतात, मग ४८, आणि वीस ओळींनंतर आपण समलंब चौकोन विणत असतो. शेवटच्या टाक्यात वेगळ्या रंगाच्या धाग्याची खूण अडकवून ठेवली की हा त्रास संपतो.

पंचवीस घरं वेगवेगळ्या रंगांत विणून जोडावीत असं पुष्कळांना वाटतं. दिसतंही छान. पण २५ तुकडे म्हणजे ५० सुटी टोकं, जी सगळी आत दडवायची, आणि प्रत्येक जोडाला ताण थोडा वेगळा पडतो, त्यामुळे पट कुठे ओढलेला, कुठे फुगलेला राहतो. एकसंध तुकडा विणून त्यावर रेघा काढणं कितीतरी बरं. विणलेला तुकडा ओला करून, पिळून, टाचण्यांनी २५ बाय २५ सेंटीमीटरवर ताणून सावलीत वाळू द्यायचा. मगच रेघा. पांढरा धागा तुकड्याखाली धरायचा, सुई वरून खाली घालायची, धाग्याचा फास वर ओढायचा आणि आधीच्या फासातून काढायचा. दर १० टाक्यांनंतर एक अशा चार उभ्या आणि दर ११ ओळींनंतर एक अशा चार आडव्या रेघा. उभ्या रेघेत ५५ फास, आडवीत ५०. इथे ३.५ मिलिमीटरची सुई घ्यावी, कारण हा फास घट्ट पडला की अख्खा पट गोळा होतो, आणि ताणून वाळवण्याची मेहनत पाण्यात जाते. रेघ किंचित उठावाची येते. तिचा फायदा असा की सोंगटीला धक्का लागला तरी ती घर सोडून घसरत नाही. पाच घरांवरच्या फुल्या मात्र लोकर शिवायच्या बोथट सुईने, भरतकामातल्या साखळी टाक्याने घालाव्यात. तिरक्या रेघेला क्रोशाची सुई नीट वळत नाही.

तुकड्याभोवती एक फेरी मुक्या खांबांची. टाक्यांच्या दोन बाजूंवर ५०-५० सरळच येतात. ओळींच्या बाजूंवर ५५ ओळींतून ५० टाके उचलायचे असतात, म्हणजे दर ११ ओळींत १० उचलून एक ओळ सोडायची. प्रत्येक ओळीत टाका घातला तर ती कड लाटांसारखी नागमोडी होते. कोपऱ्यावर एक जादा साखळी. एकूण २०० टाके आणि चार साखळ्या.

आता पोट, म्हणजे खालची बाजू. ती एकसंध विणली तर आतलं भरण धुवायला कधीच काढता येणार नाही. म्हणून ५० टाक्यांचेच दोन तुकडे, प्रत्येकी ३३ ओळींचे, आणि मध्ये ११ ओळी एकावर एक. उशीच्या अभ्र्याला असते तशी फट. ६६ मधून ११ गेल्या, ५५ राहिल्या. पोट पटाएवढंच झालं. उघड्या राहणाऱ्या दोन्ही कडांना स्लिप स्टिचची, म्हणजे उंची न वाढवणाऱ्या सपाट टाक्याची, एक ओळ द्यावी, नाहीतर वापराने त्या सैल पडून लोंबतात. मग दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून भोवतीची २०० टाक्यांची फेरी घालताना फटीच्या जागी दोन्ही थरांतून सुई न्यायची. बटण किंवा चेन इथे नकोच. बटण तुटून तोंडात जातं आणि चेनीचं टोक बोटाला लागतं.

या कवचात भरायचं काय, यावर खेळाचं सगळं भवितव्य अवलंबून आहे. फायबरचा कापूस भरला की वरचा भाग घुमटाकार होतो आणि सोंगट्या उतारावरून निघतात. पुठ्ठा घातला तर मूल एकदा त्यावर बसलं की संपलं. गादीवाल्याकडून अर्धा इंच जाडीचा कडक फोम आणावा, २४ बाय २४ सेंटीमीटरचा कापावा आणि चारही कोपरे कात्रीने थोडे गोलवावेत. फोम कवचापेक्षा एक सेंटीमीटर लहान असला तरच कडा वर वळत नाहीत. एक इंचाचा फोम घालायचा मोह होईल, पण त्याच्या जाडीला बाजूची पट्टी विणावी लागते, आणि ती न विणता कोंबला तर पटाची बाहेरची घरं खाली वाकतात. मऊपणा हवा असतो तो डोकं आणि पाय देतात. मूल कासवाला उचलतंही बहुधा मानेला धरूनच.

म्हणून मान जाड हवी. डोक्यासाठी मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे ओढून आवळता येणाऱ्या धाग्याच्या कड्यात, ६ मुके खांब, मग दर फेरीला ६ वाढवत १२, १८, २४, ३०, ३६, ४२. सातव्या फेरीला ४२ झाले की ७ फेऱ्या सरळ. नंतर ३६, ३०, २४ असे कमी करायचे आणि २४ वर ४ फेऱ्या मानेच्या. टाके कमी करताना दोन्ही टाक्यांचे फक्त पुढचे फास उचलून एकत्र विणले तर भोक दिसत नाही. ३६ वर आल्यावर भरायला घ्यावं, कारण २४ नंतर आत बोट नीट फिरत नाही आणि गालांपाशी पोकळी राहते. भरण फायबरचंच. सरकीचा कापूस धुतल्यावर गोळे धरतो आणि पावसाळ्यात आतून वाळत नाही, कुबट वास धरतो. मान अर्धी भरून टोक चपटं दाबायचं आणि १२ मुक्या खांबांनी बंद करायचं. नेहमीच्या नमुन्यांत मान १२ किंवा १८ टाक्यांची असते. दिसायला नाजूक, पण चार दिवसांत डोकं एका बाजूला कलंडतं. डोळे काळ्या धाग्याने गाठी घालून भरावेत. प्लास्टिकचे डोळे कितीही पक्के बसवले तरी सैल विणीतून ते कधी ना कधी सुटतात.

पायांची वीण सोपी आहे: ६, १२, १८, मग १८ वर ६ फेऱ्या, एका फेरीत १२ पर्यंत कमी, १२ वर २ फेऱ्या. दोन-तृतीयांश भरून टोक ६ मुक्या खांबांनी चपटं बंद. शेपटीला ६, ६, ९, ९, १२, १२ आणि तेच चपटं टोक. शेपटी भरायची गरज नाही.

जोडणीत पट वर, पोट खाली, दोन्हींच्या सुलट बाजू बाहेर, आणि २०० टाके दोन्हींतून एकत्र. डोकं येतं त्या बाजूला १९ टाके, मग मानेचे १२, पुन्हा १९. शेपटीच्या बाजूला २२, ६ आणि २२. पाय डाव्या-उजव्या बाजूंना, कोपऱ्यापासून ५ टाके सोडून. हे अवयव आधी साध्या धाग्याने जागेवर टाचून घ्यावेत, कारण तीन थरांतून सुई नेताना ते हमखास सरकतात. पाय कोपऱ्यांजवळ ठेवल्यामुळे त्या दोन बाजूंच्या गड्यांना मधल्या फुलीसमोर मोकळी जागा मिळते. चारही गडी आपापल्या फुलीपाशी बसले की कासवाचं तोंड एकाकडे असतं. तो मान मुलं आळीपाळीने घेतात.

सोंगट्या म्हणजे कासवाची पिल्लं. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची पिल्लं वाळूतून बाहेर पडून समुद्राकडे धावताना पाहायला दरवर्षी माणसं जमतात. ते मनात ठेवून मधल्या घराची फुली निळ्या धाग्याने भरली तर मुलांना खेळाचा अर्थ लगेच लागतो: सगळी पिल्लं पाण्यात पोचवायची. प्रत्येक पिल्लाचं कवच ६, १२, १८, २४ आणि २४ वर ३ फेऱ्या. तळ ६, १२, १८, २४ अशी सपाट चकती. तळात जुन्या जीन्सचा गोल तुकडा, वर चिमूटभरच फायबर. जास्त भरलं की तळ फुगतो आणि सोंगटी डुलत राहते. कवच आणि तळ २४ टाक्यांनी जोडतानाच डोकं आणि पाय काढायचे: पहिल्या टाक्यात ५ खांब (मुक्या खांबाहून उंच टाके) घालून ते एकत्र बंद केले की डोकं झालं, आणि पाचव्या, नवव्या, सतराव्या, एकविसाव्या टाक्यावर तीन-तीन साखळ्यांचे फास घातले की चार पाय. तेराव्यावर दोन साखळ्या, शेपटी. वेगळं विणून शिवलेलं इवलंसं डोकं मुलं दातांनी तोडतात. हे डोकं कवचाचाच भाग असल्यामुळे तुटून येत नाही. काही मुलांना लाल आणि हिरवा नीट वेगळे ओळखता येत नाहीत, तेव्हा रंगाबरोबर कवचावर खूणही द्यावी: एका गड्याचे ठिपके, दुसऱ्याची आडवी रेघ, तिसऱ्याची फुली, चौथ्याचं कोरं.

खऱ्या कवड्या लहान मुलांच्या खेळात नकोत. त्यांच्या जागी दुरंगी चकत्या विणाव्यात. एक बाजू पांढरी, एक काळी. दोन्ही ६ पासून ३० पर्यंत पाच फेऱ्यांच्या, जोडल्यावर साडेचार सेंटीमीटरच्या आसपास. आत जीन्सचे तीन थर, म्हणजे वजन येतं आणि चकती सपाट राहते. इथे विणीचा हात कळतो. टाके आवळले किंवा एखादी वाढ सुटली की चकती वाटी होते. वाढ जास्त झाली की कड नागमोडी. वाटी झालेली चकती पडताना एकाच बाजूला कल देते आणि डाव बिघडतो. प्रत्येक चकती ५० वेळा टाकून बघावी. पांढरी बाजू १८ ते ३२ वेळा वर आली तर ठीक, त्याबाहेर गेली तर उसवून पुन्हा. आणि ओंजळीत खुळखुळवून निदान वीतभर उंचीवरून टाकायला सांगावं; विणलेली चकती हलकी असते, नुसती ठेवल्यासारखी टाकली तर उलटत नाही.

दान असं मोजायचं: जितक्या पांढऱ्या तितकं दान, चारही पांढऱ्या आल्या तर चार, चारही काळ्या आल्या तर आठ. चार आणि आठ पडलं की पुन्हा टाकायचं. सोंगटी आपल्या फुलीवरून निघून बाहेरच्या रांगेतून घड्याळाच्या उलट दिशेने फिरते, स्वतःच्या फुलीच्या आधीच्या घरात आली की आतल्या रांगेत वळते, तिथून घड्याळाच्या दिशेने जाऊन मध्यात पोचते. एकूण २४ पावलं. फुलीवर असलेली सोंगटी मारता येत नाही. बाकी कुठेही दुसऱ्याची सोंगटी आली की आपली आपल्या फुलीवर परत.

सारख्या पडणाऱ्या चकत्यांनी सोळा शक्यता होतात, आणि एका टाकीचं सरासरी दान अडीच येतं. चार सोंगट्यांची ९६ पावलं चालायला, एकही मारली गेली नाही तरी, साधारण ३८ टाक्या लागतात. चार गड्यांच्या मिळून दीडशेवर. पाच वर्षांच्या मुलाचा धीर तेवढा पुरत नाही. त्या वयाला प्रत्येकी दोनच सोंगट्या द्याव्यात, डाव निम्म्यावर येतो. सात-आठ वर्षांच्यांना चारही, आणि एकदा तरी दुसऱ्याची सोंगटी मारल्याशिवाय आतल्या रांगेत शिरायचं नाही हा काही घरांतला नियमही जोडावा. त्या नियमाने खेळ एकदम धारदार होतो.

सोंगट्या आणि चकत्यांसाठी एक छोटी बटवी विणून ती पोटाच्या फटीत सरकवायची. बटवीची दोरी वीतभराहून लांब ठेवू नये, गळ्यात अडकण्याची भीती असते. धुताना फोम आणि बटवी बाहेर काढायच्या, साध्या पाण्यात सौम्य साबणाने धुवायचं, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि सपाट जागी सावलीत वाळत घालायचं. दोरीवर टांगलं तर ओल्या लोकरीच्या वजनाने पट लांबतो.

हे कासव विकायला करणाऱ्यांनी एक हिशेब गिऱ्हाइकापुढे जरूर मांडावा. सगळं मिळून यात साडेबारा हजारांच्या वर टाके आहेत. सरावलेल्या हाताने मिनिटाला १५ टाके धरले तरी नुसत्या विणकामाचे चौदा तास होतात. भरणं, जोडणी, टोकं दडवणं वेगळं. बाजारातल्या यंत्रावर शिवलेल्या खेळण्याच्या भावात ते मागणाऱ्याला बाईच्या वेळेची किंमत शून्य वाटते, आणि विणणारीनेही ती शून्य धरून भाव सांगणं बंद करायला हवं. लोकरीचा खर्च दुप्पट करून किंमत काढायची जी पद्धत सर्रास चालते, ती या कामाला अजिबात लागू पडत नाही.

वापरात सगळ्यात आधी झिजतात त्या पांढऱ्या रेघा, कारण बोटं त्यांच्यावरूनच फिरतात. त्या ओढून काढून नव्या घालता येतात, खालच्या विणीला काही होत नाही. त्यासाठी आणि हरवणाऱ्या सोंगटीसाठी प्रत्येक रंगाचा दहा-बारा मीटर धागा वेगळा ठेवावा. एका सोंगटीला २१६ टाके आणि साधारण सात मीटर लोकर लागते. पाऊण तासात बदली सोंगटी पटावर येते. तोवर तिच्या जागी चिंचोका ठेवून डाव चालू ठेवता येतो.